धार आधी, दाढी नंतर

रोहा-अष्टमीच्या कुठल्याही सलूनमध्ये दाढीला बसा, पहिला आवाज येतो ब्लेड मोडल्याचा. कारागीर पाकिटातून दुधारी ब्लेड काढतो, वेष्टनाच्या कागदासकट मधोमध दुमडतो आणि टक् करून त्याचे दोन तुकडे करतो. एक तुकडा मुठीत सरकवला की वस्तरा तयार. दाढी आटोपली की तो तुकडा डब्यात जातो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दुसरा निघतो. गालावरून फिरणारा हात मात्र बापजाद्यांचाच आहे. मानेखाली कातडी ताणायची पद्धत, नाकाचा शेंडा दोन बोटांत धरून ओठावरची दाढी काढण्याची लकब, सगळं जसंच्या तसं उतरलं आहे. या धंद्यातून गेलं ते एकच काम, धार लावण्याचं. आणि वस्तऱ्याच्या विद्येतला निम्म्याहून मोठा भाग तोच होता, असं मला ठामपणे वाटतं.

कोकणात कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी, दोन्हींची नगरपालिका एक. या भागात बलुतेदारी चालू होती तेव्हा नाभिक कारागीर धोकटी घेऊन घरोघरी जायचे आणि मोबदला भाताच्या मळणीनंतर मिळायचा. त्या धोकटीत काय काय असायचं? दोन-तीन वस्तरे, कातर, फणी, नखं काढायची नराणी, चिमटा, लहानसा आरसा, पाण्याची वाटी. आणि या सगळ्यांखाली, फडक्यात गुंडाळलेला धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा. गिऱ्हाईक अंगणात पाटावर बसायचं, कारागीर समोर उकिडवा. दाढीच्या आधी तो वस्तरा चामड्यावर फिरवी, चामडं हाताशी नसेल तर सरळ स्वतःच्या तळहातावर. दाढी करणारा आणि धार लावणारा माणूस एकच होता, म्हणून कामाचा दर्जा एका हातात राहिला. आपण लावलेली धार कशी आहे हे त्याला दुसऱ्याच्या गालावर लगेच कळायचं, आणि गालाच्या मालकालाही.

ती पद्धत बदलली हे योग्यच झालं, हे आधी सांगायला हवं. एकाच वस्तऱ्याने दहा जणांची दाढी करायची म्हणजे एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याच्या कातडीपर्यंत नेण्याची सोय. कावीळ ब आणि क, एचआयव्ही हे रोग रक्तातून जातात आणि दाढीत डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतातच. पाण्यात बुचकळून किंवा डेटॉलच्या फडक्याने पुसून पोलादी वस्तरा खात्रीने निर्जंतुक होत नाही. एड्सविषयीची जागृती वाढली तसा ‘प्रत्येकाला नवीन ब्लेड’ हा नियम गावोगाव रुजला आणि अर्ध्या ब्लेडचा वस्तरा सगळीकडे आला. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते स्वतःच्या घरी, स्वतःच्या चेहऱ्यावर, स्वतःच्याच वस्तऱ्याने दाढी करणाऱ्यासाठी आहे. हा वस्तरा भावालासुद्धा द्यायचा नाही.

ब्लेडचा शोधही मुळात धार लावण्याच्या त्रासातून लागला. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकन विक्रेता 1895 साली एका सकाळी दाढीला उभा राहिला. वस्तरा इतका बोथट झाला होता की पट्ट्यावर ओढून भागण्यासारखं नव्हतं, तो दगडावर लावायला कारागिराकडेच द्यावा लागणार होता. पोलादाच्या पातळ पट्टीला दोन्हीकडून धार द्यायची, ती गेली की पट्टी फेकून द्यायची, ही कल्पना त्याला तेव्हा सुचली. 1901 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, 1904 मध्ये ते मिळालं. विक्रीच्या पहिल्या वर्षी, 1903 साली, अवघे 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना सरकारी खर्चाने हे रेझर दिले गेले आणि लाखो माणसं धार लावणं विसरूनच घरी परतली. आपल्याकडेही टोपाझ, सेव्हन ओ’क्लॉक ही नावं वाण्याच्या फळीवर दिसू लागली आणि घरातल्या खुंटीवरचे पट्टे उतरले.

आता वस्तरा हातात घेऊन नीट पाहू. वरची जाड कड ती पाठ, खालची ती धार, मागची वळलेली शेपटी करंगळीच्या आधाराला, आणि पातं ज्यात मिटतं ती मूठ. चाकूत आणि वस्तऱ्यात मोठा फरक आहे तो पाठीच्या कामाचा. चाकू दगडावर घासताना कोन हाताने सांभाळावा लागतो, हात थरथरला की कोन बदलतो. वस्तऱ्याला ती अडचणच नाही. पातं दगडावर सपाट ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही टेकतात, आणि पाठीची जाडीच कोन ठरवून देते. नेहमीच्या मापाचं पातं साधारण 16 मिलीमीटर रुंद असतं आणि पाठ साडेचार मिलीमीटरच्या आसपास जाड. हिशेब केला तर धारेचा कोन 16 अंशांच्या जवळपास निघतो. स्वयंपाकघरातल्या चाकूचा हाच कोन बहुधा 30 ते 40 अंशांचा असतो. वस्तरा बनवणाऱ्याने कोन पात्यातच घडवून ठेवलेला असतो, आपण फक्त पाठ उचलायची नाही. वस्तऱ्याला धार लावण्याचं अर्धं शास्त्र या एका वाक्यात आलं.

एवढी बारीक धार टिकायला पोलादही तसंच लागतं. त्यात कार्बनचं प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास असतं. ते लाल तापवून एकदम थंड करायचं, म्हणजे लोहार ज्याला पाणी देणं म्हणतो ते करायचं, आणि मग पुन्हा हलकंसं तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करायचा. इंग्लंडात शेफिल्डच्या बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात मुशीत वितळवून एकसारखं पोलाद काढलं आणि तिथून चांगल्या वस्तऱ्यांचं युग सुरू झालं. पण मुशीतलं पोलाद दक्षिण भारताला, त्यात तेलंगणालाही, त्याच्या कित्येक शतकं आधीपासून ठाऊक होतं, युरोपात ते ‘वुट्झ’ नावाने पोचलं होतं. लंडनचा हत्यारं घडवणारा जेम्स स्टोडार्ट आणि तरुण मायकेल फॅरडे यांनी 1820 च्या सुमारास या भारतीय पोलादाचं गुपित शोधायला प्रयोग मांडले, निरनिराळ्या धातूंची मिश्रणं केली, आणि त्यातल्या पोलादाचे वस्तरेही झाले. विजेच्या शास्त्राचा पाया घालणारा माणूस एकेकाळी चांगल्या वस्तऱ्याच्या मागे होता, ही गोष्ट मला फार आवडते. पुढे जर्मनीतल्या सोलिंगेनने पात्याच्या दोन्ही बाजू आतून पोखरून पातळ करण्यात नाव काढलं. 1938 पासून तिथे कायदाच आहे की सोलिंगेनमध्ये न बनलेल्या पात्यावर ते नाव घालायचं नाही. आपल्याकडच्या जुन्या पेट्यांमध्ये सापडणाऱ्या वस्तऱ्यांवर शेफिल्ड आणि सोलिंगेन हे दोन शिक्के बरेचदा दिसतात.

धारेची कामं दोन आहेत आणि ती वेगवेगळी समजून घेतली नाहीत तर शिकणारा हमखास गोंधळतो. एक दगडाचं, दुसरं पट्ट्याचं. दगड पोलाद खरवडतो आणि नवीन धार काढतो. पट्टा जवळजवळ खरवडतच नाही. तो धारेचं टोक सरळ करतो, त्याला चिकटलेली सूक्ष्म घाण आणि तार, म्हणजे कडेला उभी राहिलेली पोलादाची बारीक कोर, काढून टाकतो. दगड काही महिन्यांतून एकदा, पट्टा दर दाढीला.

दगडाचा क्रम जाडाकडून बारकाकडे जातो. धार पूर्ण गेली असेल, खांडा पडला असेल, तर 1000 नंबरच्या दगडापासून सुरुवात. मग 4000 किंवा 5000, मग 8000, आणि शेवटी 12000. बाजारात मिळणाऱ्या कृत्रिम दगडांवर हे नंबर छापलेले असतात. नैसर्गिक दगडांमध्ये बेल्जियमचा पिवळसर दगड प्रसिद्ध आहे, त्यात गार्नेटचे बारीक कण असतात आणि तेच पोलाद कापतात. जो दगड घ्याल तो आधी सपाट आहे का पाहा. मधोमध झिजून खोलगट झालेल्या दगडावर सरळ धार येत नाही. जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर अंथरायचा, दगडावर पेन्सिलीने जाळी आखायची आणि ती जाळी सगळीकडून पुसली जाईपर्यंत दगड कागदावर घासायचा. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून पुढे गेलेल्याला कोणताही दगड साथ देत नाही.

दगड ओला करून पातं त्यावर सपाट ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. आता धार पुढे करून पातं सरकवायचं, जणू दगडाच्या वरचा एक पातळ पापुद्रा सोलून काढायचा आहे. दगड अरुंद असतो आणि पातं लांब, म्हणून सरळ न जाता तिरकं जायचं. सुरुवात मुठीकडच्या टोकापासून, शेवट पात्याच्या शेंड्यावर. दुसऱ्या टोकाला पोचलं की पातं पाठीवर उलटं करायचं आणि तसंच परत यायचं. सुरुवातीला बोटाचा हलका दाब चालतो. बारीक दगडावर आल्यावर तोही सोडायचा, पात्याचं वजन पुरतं. नवख्याचा हात इथेच जड पडतो. जोर दिला की बारीक धार वाकते आणि तिच्यावर तार उभी राहते, मग कितीही घासलं तरी वस्तरा केस ओढतच राहतो.

दगड धारेपर्यंत पोचतो आहे का, हे पाहायची एक सोपी युक्ती आहे. काळ्या मार्करने धारेलगतची पट्टी दोन्हीकडून रंगवायची आणि दगडावर दोन-चार हात मारायचे. शाई शेवटच्या कडेपर्यंत एकसारखी गेली तर काम बरोबर चाललं आहे. कडेला काळी रेघ शिल्लक राहिली तर दगड अजून धारेला लागलाच नाही, नुसता वरचा भाग घासतो आहे. धार जमली की नाही ते अंगठा धारेच्या लांबीवरून ओढून पाहू नका. मनगटावरच्या केसांच्या वरून, कातडीला न टेकवता वस्तरा न्यायचा. धार चांगली असेल तर केस हवेतच तुटून पडतात.

पट्टा मी अष्टमीतल्या एका निवृत्त कारागिराकडून शिकलो. पट्ट्याला वर कडी, ती त्यांनी खिडकीच्या गजात अडकवली आणि खालचं टोक डाव्या हातात ताणून धरलं. पट्ट्याला दोन पदर होते, एक जाड सुती कापडाचा, एक चामड्याचा. आधी कापड, मग चामडं. उजव्या हातात वस्तरा असा की शेपटी अंगठा आणि तर्जनी यांच्यात फिरते, मनगट हलतच नाही. इथे दगडाच्या उलट, पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला गेलं की पातं पाठीवरच पालथं व्हायचं, धार क्षणभरही चामड्यात रुतायची नाही. “अरे, पाठ सोडू नको,” ते म्हणाले, “धार येते मागनं आपली आपण.” मी विचारलं, “काका, किती वेळा?” “मोजायचं नाय. आवाज एकसारखा झाला की थांब.” आवाजाचं ते खरंच होतं. सुरुवातीला चामड्यावर वस्तऱ्याचा आवाज मध्येच खरखरतो, मध्येच दबतो. पट्टा सैल पडला तर आवाज बसतो, कारण चामडं धारेभोवती वळतं आणि ती गोल करतं. थोड्या वेळाने जाताना आणि येताना एकच स्वर लागतो. अधूनमधून ते चामड्यावरून तळहात जोराने घासत. हाताच्या उबेने आणि तेलकटपणाने चामडं मऊ राहतं, बाहेरचं तेल पाजायची गरज पडत नाही.

पण पोलादासारखा कठीण पदार्थ मऊ केस कापून बोथट होतो तरी कसा? माणसाचा केस पोलादाच्या सुमारे 50 पट मऊ आहे. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जानलुका रोशोली आणि जेम ताशान यांच्या गटाने हा प्रश्न हाती घेतला, आणि त्यांचा शोधनिबंध 2020 च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’मध्ये आला. रोशोलीने स्वतःची दाढी करायची आणि दर दाढीनंतर ब्लेडची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. अपेक्षा होती की धार हळूहळू झिजून गोल होत असेल. दिसलं वेगळंच. धारेचे बारीक कपचे उडाले होते. पोलाद आतून सगळीकडे सारखं नसतं, काही ठिकाणी ते कमकुवत असतं. केस उभा राहून सरळ कापला गेला तर धारेला काही होत नाही. तो वाकला, पात्याला तिरका भिडला, आणि त्याची कड नेमकी त्या कमकुवत जागी लागली, की तिथला कपचा निघतो.

हे वाचल्यावर जुन्या कारागिरांच्या सवयी मला नव्याने कळल्या. कातडी ताणून धरली की केस उभा राहतो, फार वाकत नाही. गरम पाण्याने भिजवलेला केस पाणी शोषून फुगतो आणि मऊ पडतो, त्यामुळे तो कापायला कमी जोर लागतो. बिनपाण्याची हजामत ही आपल्याकडे शिक्षा मानली गेली ती उगाच नाही. आणि हे ज्ञान किती जुनं! अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात केस काढण्याच्या विधीचं एक सूक्त आहे, त्यात वस्तऱ्याबरोबर गरम पाण्यालाही बोलावणं आहे. तेव्हा दाढी आंघोळीनंतर करा, किंवा गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरा. साबणाचा फेस ब्रशने केसांच्या मुळाशी घोळवा. फेस जाड दिसतो पण आत कोरडा असतो, तसा नको. बोटांत घेतला तर सटकला पाहिजे.

पहिल्या दिवशी फक्त एका गालावर वस्तरा चालवा. कानाजवळच्या कल्ल्याखालून जबड्यापर्यंतचा भाग सपाट असतो, हात तिथेच बसतो. राहिलेली दाढी नेहमीच्या रेझरने करा. तो गाल सरावाचा झाला की दुसरा. इथे डावा-उजवा हात बदलायचा की एकाच हाताने दोन्ही गाल करायचे, यावर लोक दोन्ही बाजूंनी बोलतात. मला एकच हात चांगला वाटतो, कारण धार कुठे आहे हे त्या हाताला आधीच कळलेलं असतं. गळा त्यानंतर. हनुवटी आणि वरचा ओठ सगळ्यात शेवटी, कारण तिथे वळण आहे आणि केस राठ.

गालापाशी पातं आधी जवळजवळ आडवं टेकवा, मग पाठ थोडी उचलून कातडीशी 30 अंशांच्या आसपास कोन होऊ द्या. कोन जास्त झाला तर वस्तरा कातडी खरवडतो, कमी झाला तर केस उपटतो. डाव्या हाताने कातडी वरून ताणलेली हवी. लहान लहान हात मारा, बोटभर लांबीचे. पातं कधीही बाजूला सरकवायचं नाही. भाजी चिरताना चाकू जसा पुढे-मागे ओढतो तसं गालावर झालं तर रक्त निघणारच, कारण धार त्याच दिशेने कापते. पहिला हात केसांच्या दिशेने. गळ्यावर केस कुठे वरून खाली, कुठे आडवे, कुठे भोवऱ्यासारखे उगवतात. दाढी दोन दिवस वाढू द्या आणि बोट फिरवून नकाशा समजून घ्या. सलूनमध्ये “उलटा मारू का?” असं विचारतात तो उलटा हात, केसांच्या विरुद्ध दिशेचा, नवख्याने बरेच दिवस मारू नये. सुलट दाढी झाल्यावर पुन्हा फेस लावून आडवा हात मारला तरी चेहरा स्वच्छ दिसतो. शेवटी थंड पाणी, आणि ओल्या चेहऱ्यावरून तुरटीचा खडा. तुरटी कातडी आक्रसते आणि बारीक रक्त थांबवते. शिवाय हात कुठे जड पडला ते ती चुरचुरून दाखवते, त्यामुळे शिकाऊ माणसाला ती गुरूसारखीच उपयोगी पडते.

कोकणात वस्तऱ्याच्या कामाचा एक मोसम आहे. श्रावणभर दाढी न करणारी घरं रोह्याकडे अजूनही बरीच आहेत. अमावास्येला श्रावण संपतो आणि चौथ्या दिवशी गणपती येतो. त्या मधल्या तीन-चार दिवसांत सलूनच्या बाकावर जागा मिळत नाही, त्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची भर. महिनाभराची दाढी दोन-तीन पात्यांच्या आधुनिक रेझरने काढायला गेलं तर केस पात्यांच्या फटीत अडकतात आणि रेझर दर हाताला तुंबतो. वस्तऱ्याला फटच नाही. कातरीने दाढी थोडी उतरवली की बाकीचं तो विनातक्रार काढतो. याच श्रावणात वद्य द्वादशीला संत सेना महाराजांची पुण्यतिथी असते. आपल्या धंद्याच्या हत्यारांतूनच अध्यात्म सांगणारा हा संत नाभिक समाजाने मनापासून जपला आहे.

जावळ, मुंजीआधीचं चौल, नदीकाठी दहाव्याचं वपन, या सगळ्या विधींना वस्तरा लागला. आणि एका क्रूर विधीलाही लागला. नवरा गेला की बाईच्या डोक्यावरचे केस उतरवायचे, तेही ती जिवंत असेपर्यंत पुन्हा पुन्हा. ज्या हातांवर हे काम सोपवलं होतं त्यांनीच एक दिवस ते नाकारलं. 1890 साली मुंबईतल्या नाभिक कारागिरांनी सभा भरवून विधवांचं केशवपन करणार नाही असं जाहीर केलं. गिरणी कामगारांचे पुढारी, ‘दीनबंधु’चे संपादक आणि जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. ही बातमी थेट लंडनच्या वर्तमानपत्रापर्यंत गेली. रूढीच्या बाजूने शास्त्राधार काढणाऱ्यांना वाद घालता येत होता, पण वस्तराच मिळेना झाल्यावर काय करणार? पोटाचा धंदा पणाला लावून केलेल्या त्या कामाची नोंद आपल्या सुधारणेच्या इतिहासात आजही फार थोड्या ओळींत उरकली जाते, याचं मला वाईट वाटतं.

आता वस्तरा जपण्याबद्दल, आणि इथे कोकणाची हवा हाच मोठा शत्रू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोह्याला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, भिंतीला ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. कार्बन पोलाद अशा हवेत एका रात्रीत गंजतं. दाढी झाली की पातं धुवून मऊ सुती फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसा. धारेवरून आडवं पुसलं तर फडकंही कापलं जाईल आणि बोटही. पातं आणि मूठ जोडणाऱ्या खिळीच्या सांध्यात पाणी अडकतं, तिथे कागदाचा तुकडा फिरवा. मग कोरड्या पट्ट्यावर दोन-चार हात, म्हणजे धारेवरचा ओलेपणा जातो. पावसाळ्यात पात्याला खोबरेल तेलाचा पुसट हात द्या, आपल्याकडे ते प्रत्येक घरात असतंच. फक्त ते फार दिवस तसंच राहिलं की चिकट होतं, म्हणून पुढच्या दाढीआधी पुसून काढायचं. वस्तरा न्हाणीघरात ठेवायचा नाही, चामड्याच्या डबीतही नाही, कारण चामडं ओल धरून ठेवतं. चुलीच्या किंवा गॅसच्या खोलीत, उंच फळीवर, उघड्या हवेत तो चांगला राहतो. आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. पात्यावर येणारी निळसर-काळी झाक घाबरण्यासारखी नसते. लालसर ठिपका दिसला मात्र त्याच दिवशी काढा, कारण तो खाली खड्डा करत जातो.

आजोबांच्या पेटीत वस्तरा सापडला तर आधी तो उजेडात तिरका धरून पाहा. पाठीवर, बाजूंवर गंजाचे डाग असले तरी वस्तरा वाचतो. धारेलगत खोल खड्डे असतील तर दगडावर जेवढं पोलाद काढाल तेवढा आतला नवा खड्डा वर येत राहतो, तो नाद सोडावा. धारेपासून पाठीकडे गेलेली बारीक रेघ दिसली तर ती तडा आहे. नखाने पातं हलकेच टिचकावून बघा, धड पातं घुमतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. धार मध्येच आत वळलेली दिसली, म्हणजे दोन टोकं टेकतात आणि मधला भाग दगडाला लागत नाही अशी, तर ती आधी जाड दगडावर सरळ करावी लागते आणि हे काम शिकाऊ हाताचं नाही. हे सगळं ठीक असेल तर शेवटी मूठ पाहा. खीळ सैल झाल्याने पातं डोलत असेल तर खिळीच्या दोन्ही तोंडांवर छोट्या हातोडीने आळीपाळीने अगदी हलके ठोके द्या, आणि दर दोन-तीन ठोक्यांनी वस्तरा मिटून बघा. मिटताना धार मुठीच्या दोन्ही फळ्यांच्या बरोबर मध्ये उतरली पाहिजे, कुठल्याही फळीला घासता कामा नये. घासली तर दगडावर घालवलेली दुपार एका मिटण्यात वाया जाते.